पाठ टेकवून घेतलेला श्वास

माझ्या डाव्या स्तनाला कर्करोग झाला होता. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकतो. तोंडाने उच्चारायला मला जवळजवळ वर्ष लागले. मी पुरुष आहे, वय चोपन्न. मंद्रूपच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, आणि घराण्यात चालत आलेली गुरवकीची पाळी आली की गावच्या देवळात सनई वाजवतो. पुरुषांनाही हा आजार होतो हे मला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या डाव्या बाजूवर किरणोपचार व्हायचे आहेत त्यांच्यासाठी, हे लिहीत आहे. यात वैद्यकीय ज्ञान फारसे सापडणार नाही. माझ्या हातून घडलेला एक अपराध मात्र सापडेल. तो माझ्या हृदयाशी आणि एका निरपराध मुलीशी संबंधित आहे, आणि तो वगळून उरलेले सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही.

*

सुरुवात एका डागाने झाली. माझी पत्नी सुमन कपडे वाळत घालताना माझा बनियन उन्हाकडे धरून उभी राहिली. डाव्या बाजूला, चहाचा थेंब उडावा एवढा तांबूस डाग होता.

"अहो, हे काय ओ? परवाच्या बनियनलाबी असाच हुता."

"पानाचा असेल."

मी पान खात नाही. हे तिला माझ्याइतकेच माहीत होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि बनियन उलटा करून दोरीवर टाकला, डाग आतल्या बाजूला जाईल असा. त्या एका हालचालीत तिने माझी लाज राखली होती. मी मात्र ती सवलत समजून सहा महिने वापरली. स्तनाग्रामागे हरभऱ्याएवढी गाठ होती. आंघोळ करताना मी ती चाचपत असे, आणि उद्या ती तेथे नसेल असे मनाला सांगत असे. सुमनने दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी मी आवाज चढवून म्हणालो, "बायकांची दुखणी मला लावू नकोस." मी घरात आवाज चढवणारा माणूस नाही. म्हणूनच ते वाक्य आमच्या घरात पुष्कळ दिवस पडून राहिले.

सहा महिन्यांनी आम्ही सोलापूरच्या रुग्णालयात गेलो, तेव्हा तपासणीच्या खोलीतून परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, "स्तनाच्या सोनोग्राफीच्या पेशंट कोण? बाईंना आत पाठवा." बाकावरच्या चार-पाच स्त्रियांनी सुमनकडे पाहिले. सुमन उठली आणि म्हणाली, "बाई न्हाय, हे हायत." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो. त्या दहा पावलांत मला वाटले की मी पाण्याखालून चालत आहे. आवाज येत होते, पण कोणा दुसऱ्यासाठी येत होते.

गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा निकाल आला, तेव्हाही तसेच झाले. डॉक्टर समजावून सांगत होत्या, आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेनाचे टोपण पाहत होतो. ते निळे होते आणि त्याच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. एवढ्या शांतपणे बोलणारी बाई कधीतरी पेन चावत बसते, या विचाराने मला बरे वाटले. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर ज्वारीची ताटे एका दिशेला झुकत होती, सरळ होत होती, पुन्हा झुकत होती. सुमनने माझा हात धरला नाही. तिने आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि वर आपला हात ठेवला. बसमध्ये ओळखीची माणसे होती.

*

शाळेत मी सांगितले, छातीत गाठ आहे. गावाने त्याचा अर्थ फुफ्फुसे असा लावला. "सनई फुकून फुकून सरांची फुफ्फुसं गेली की ओ," असे लोक हळहळत, आणि मी ती हळहळ नाकारत नसे. कलेपायी झालेला आजार मला चालत होता. खरा आजार चालत नव्हता.

शस्त्रक्रिया झाली. मग केमोथेरपीचे महिने आले, ज्यांतले मला तुकडे तुकडेच आठवतात: तोंडातली लोखंडाची चव, सुमनने केलेली ताकातली कण्यांची पेज, आणि दुपारच्या झोपेत सतत दिसणारे एक मोठे, रिकामे, पांढरे अंगण, ज्यात मी कोणाची तरी वाट पाहत उभा असे. ते स्वप्न भीतिदायक नव्हते. जागे होणे भीतिदायक होते.

त्यानंतर किरणोपचार ठरले. पंचवीस दिवस.

डॉक्टरांनी कागदावर एक चित्र काढले. छातीची भिंत, तिच्या मागे डावे फुफ्फुस, आणि त्याला लागून हृदय. "किरण या भिंतीवर द्यायचेत. हृदय इथंच मागं आहे, जवळजवळ चिकटून. तुम्ही छाती भरून श्वास घेतला की फुफ्फुस फुगतं आणि हृदय मागं, खाली सरकतं. मध्ये जागा होते. तुम्ही श्वास धरून ठेवाल तेवढाच वेळ आम्ही किरण देणार. सोडला की मशीन बंद."

"नाही जमलं तर?" शेजारी बसलेल्या सुमनने विचारले.

"तर साध्या श्वासावर देता येतं. पुष्कळांना देतोच. पण केमोच्या औषधांनी यांच्या हृदयाची ताकद थोडी कमी झालीय. त्याला आणखी मार नको. यांच्या बाबतीत मला ती जागा हवीच आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सनई वाजवता ना? मग तुम्हाला काय अवघड?"

मी मान तुकवून हसलो. त्या हसण्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

*

सनईच्या श्वासाविषयी येथे थोडे सांगावे लागेल.

सनई वाजवणारा श्वास धरत नाही. तो गालांत हवा साठवतो, ती नळीत जात असतानाच नाकाने नवी हवा आत घेतो, आणि सूर अखंड राहतो. ती हवा पोटात उतरवायची असते. छाती हलायची नसते. लहानपणी माझी छाती फुगलेली दिसली की वडील पाठीवर थाप मारीत. "छाती काय दावतोस? श्वास दिसता कामा न्हाय." ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे की हा माणूस श्वास घेतच नाही. यात्रेत पालखी पायऱ्या चढून गाभाऱ्यापर्यंत जाईतो मी एक सूर न तोडता धरत असे, आणि लोक खाली उभे राहून माझ्या दमाची चर्चा करीत. तो दम नव्हता. ती लपवण्याची विद्या होती, आणि ती मी चाळीस वर्षे केली.

किरणोपचाराच्या तयारीसाठी स्कॅन काढायचा होता. तेथील तंत्रज्ञ अंबिका नावाची मुलगी होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, शहरातल्या विणकर कुटुंबातली; फोनवर आईशी तेलुगूत बोले आणि आमच्याशी सोलापुरी मराठीत. तिने मला हात डोक्यावर करून फळीवर निजवले, छातीच्या खालच्या टोकाला एक छोटी डबी ठेवली आणि डोळ्यांवर चष्मा चढवला. चष्म्यात एक पिवळी रेघ दिसत होती आणि वर एक हिरवी पट्टी. श्वास घेतला की डबी वर उचलली जाई, कॅमेरा ते पाही, आणि रेघ वर चढे. रेघ हिरव्या पट्टीत ठेवून वीस सेकंद थांबायचे.

"घ्या, काका. पोट फुगवू नका. छाती. छाती, ओ काका! पोट कशाला वर यायलाय?"

मला छातीने श्वास घेता येत नव्हता. शस्त्रक्रियेनंतर डावी बाजू चामड्यासारखी ताठ झाली होती, आणि बाकीचे शरीर वडिलांचे ऐकत होते. तिसऱ्या प्रयत्नात, बरगड्या उकलतील अशा वेदनेने, जमले. अंबिकाने काचेपलीकडून टाळी वाजवली. स्कॅन झाला. त्या श्वासाच्या मापावर माझी पुढची सारी योजना आखली गेली.

*

रोज दुपारी दोन ते चार ही आमची वेळ. त्या वेळेला बहुतेक स्तनाच्याच रुग्ण असत. पुरुष मी एकटा. कुंभारीच्या नरसम्मा नावाच्या बाई माझ्या आधी असत. आयुष्यभर विड्या वळलेल्या, साठीच्या, आणि डोक्यावर केस नसतानाही गजऱ्याचा हट्ट न सोडलेल्या. गजरा त्या मनगटाला बांधत.

"मास्तर, तुमी आमच्या लाईनीत कसं काय घुसलाव?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले.

मी खाली पाहिले.

"लाजता कशाला? डावी का उजवी?"

"डावी."

"माजीबी डावीच. म्हंजे तुमालाबी दम धरायचं हाय. मी तर लगीन झाल्यापास्नं धरलाय." आणि त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की आतून अंबिका बाहेर डोकावली.

आतली खोली थंड होती. दिवे मंद असत. यंत्राचा भलामोठा बाहू माझ्याभोवती सावकाश फिरे आणि थांबे. छतावर कोणीतरी एका झाडाचे चित्र लावले होते, मागून उजेड असलेले. चष्मा चढवण्यापूर्वी क्षणभर ते दिसे. मग भोंग्यातून अंबिकाचा आवाज. "घ्या. अजून. धरा." आणि सगळे थांबे. त्या वीस सेकंदांविषयी मला नीट लिहिता येत नाही. श्वास धरल्यावर प्रथम कानांत शांतता भरते, मग आपल्याच नाडीचा आवाज येतो, दूर कोठे कोणी धान्य कांडते आहे असा. मला वाटे, माझे हृदय उठून आतल्या खोलीत गेले आहे, आणि दार लोटून घेऊन बाहेरचे काम संपण्याची वाट पाहत बसले आहे. "सोडा" म्हटले की ते पुन्हा बाहेर येऊन आपल्या जागी बसे. असे पाच वेळा. मग मी उठून, निळ्या शाईच्या खुणांवर शर्ट चढवून, उन्हात येई.

पहिले तीन दिवस त्यांनी रोज क्ष-किरण चित्र घेऊन सारे जुळते की नाही ते पाहिले. जुळले. "आता पुढचं चित्र आठव्या दिवशी," अंबिका म्हणाली.

चौथ्या दिवशी माझी छाती उघडेना. रेघ हिरव्या पट्टीच्या खाली बोटभर अंतरावर थरथरत राहिली. भोंग्यातून "अजून थोडं, काका" असे दोनदा आले. तिसऱ्यांदा ऐकणे मला नको झाले. यात्रेत पालखी चढवणारा मी, आणि एक पोरगी मला श्वास घ्यायला शिकवते आहे. मी पाठीचा कणा किंचित उचलला. बोटभरच. डबी वर गेली आणि रेघ अलगद हिरव्या पट्टीत जाऊन बसली.

"मस्त, काका! एकदम स्टेडी."

पाठ उचलल्याने छाती भरत नाही, हृदय जागचे हलत नाही, हे मला कळत होते की नाही? कळत होते. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले होते. तरीही मी पाचव्या, सहाव्या आणि सातव्या दिवशी तेच केले. पट्टी हिरवी दिसली की मनाला ते पुरेसे होते. सातव्या दिवशी तर मी त्या वीस सेकंदांत अर्धवट झोपेत गेलो आणि मला ते पांढरे अंगण दिसले. हृदय आतल्या खोलीत गेलेच नव्हते. ते बाहेर, किरणांच्या तोंडाशी बसून होते, आणि मी स्वप्न पाहत होतो.

*

आठव्या दिवशी चित्र घेतले. जुळले नाही. अंबिकाने येऊन मला सरळ केले, खुणा पाहिल्या, पुन्हा चित्र घेतले. मी पुन्हा पाठ उचलली. आता न उचलता हिरवी पट्टी गाठता येईल असे मला वाटतच नव्हते. पुन्हा जुळले नाही. डॉक्टर आल्या.

दार अर्धे उघडे होते. फळीवर निजल्या निजल्या मला सारे ऐकू येत होते.

"हृदय जवळजवळ भिंतीला टेकलंय, अंबिका. सेटअप बघितला होतास का नीट?"

"बघितले होते, मॅडम."

"मग हे काय आहे? आणि हे आजचंच आहे की मधल्या चार दिवसांचंही? डबी रोज त्याच जागी ठेवत होतीस?"

"ठेवत होते, मॅडम. खूण करून ठेवत होते."

"ठेवत होतीस, तर मग हा पेशंट काय आपोआप बदलला?"

डॉक्टर आत आल्या. त्यांनी मला अगदी सौम्यपणे विचारले, "श्वास घेताना तुम्ही कंबर किंवा पाठ उचलत नाही ना?"

त्यांनी उत्तर माझ्या हातात ठेवले होते. मी फक्त ते उचलायचे होते.

"नाही. जसे सांगितले आहे तसेच करतो," मी म्हणालो. माझी भाषा अशा वेळी फार शुद्ध होते.

त्या दिवशी किरण दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा स्कॅन ठरला. बाहेर पडण्यापूर्वी अंबिका माझ्या खुणा पुन्हा शाईने गिरवत होती. गिरवता गिरवता ती म्हणत होती, "सॉरी हं, काका. तुम्हाला उगाच हेलपाटा." मी म्हणालो, "असू दे, होते कधी कधी." मी तिला क्षमा केली. या आजारपणात मला सर्वांत अधिक लाज कशाची वाटते असे कोणी विचारले, तर ती या क्षमेची.

*

घरी येऊन मी सुमनला सांगितले की तिकडे काहीतरी चुकले, त्या मुलीला बोलणी बसली.

"काय चुकलं तिचं?"

"डबीची जागा, बहुधा."

अजून ऊन होते. सुमनने सतरंजी घातली. "चला, उद्या परत फोटू हाय म्हनता, तर जरा सराव करू." ती रोज फोनवर सेकंद मोजत असे. मी निजलो, हात वर केले. त्या दिवशी तिने फोन बाजूला ठेवला. सतरंजीची घडी माझ्या पाठीखाली टोचेल म्हणून ती सरळ करायला तिने हात आत घातला, आणि त्याच वेळी मी सवयीने श्वास घेतला.

तिचा हात तेथेच राहिला. माझी पाठ त्यावरून उचलली गेली होती.

"परत घ्या," ती म्हणाली.

मी घेतला. पाठ पुन्हा उचलली. मी थांबवू शकलो असतो, थांबवले नाही. कदाचित तिने पकडावे असेच मला वाटत होते.

"तुमी तितंबी असंच करता व्हय?"

मी छताकडे पाहत राहिलो.

"अहो, मी काय इचारायले?"

"हो."

"कवापास्नं?"

"चार दिवस. आज पाचवा."

तिने हात काढून घेतला. मला वाटले ती ओरडेल. ती उठून दाराशी गेली, बाहेर पाहत उभी राहिली, आणि पाठमोरी असतानाच बोलली.

"डागाच्या वक्ताला मी गप बसले. माजंबी चुकलंच. सहा म्हैने गेले त्यात. आता मी न्हाय गप बसनार. ते काळीज तुमचं एकट्याचं हाय का? मी काय करू तुमच्या माघारी, सनई पुसत बसू?"

मग थोड्या वेळाने, हळू आवाजात: "आन ती पोर. तिच्या आईनं काय म्हनायचं आपल्याला?"

*

दुसऱ्या दिवशी स्कॅनपूर्वी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. अंबिकाला बोलवाल का, असे विचारले. ती फाइल घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली, आणखी काही ऐकून घ्यायच्या तयारीने.

मी सांगितले. वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही उपयोगी पडले नाही. "मी पाठ उचलत होतो. चौथ्या दिवसापासून. काल तुम्ही विचारले तेव्हा खोटे बोललो. हिचे काहीही चुकलेले नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "का पण?"

"छातीने जमत नव्हते. ते सांगायला लाज वाटली."

"मास्तर, जमत नाही हे सांगितलं असतं तर त्यावर माझ्याकडे उपाय होता. हिरवी पट्टी म्हणजे काय परीक्षेचे मार्क आहेत? तुमचं हृदय कुठं आहे हे कळावं म्हणून आहे ती." त्यांनी चष्मा काढला. "चार दिवस ठरवल्यापेक्षा जास्त किरण हृदयाला गेले. आणि फुफ्फुसाच्या कडेलाही. किती, ते मोजून सांगते. पण गेलेलं परत काढून घेता येत नाही. हे तुम्हाला माहीत असावं."

"हो."

मग त्या अंबिकाकडे वळून म्हणाल्या, "काल मी तुला त्यांच्यासमोर बोलले. चुकले माझं."

अंबिकाने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता, आणि तो ऐकून मला सुटल्यासारखे वाटले.

"काका, मी काल घरी जाऊन जेवले नाही. सगळे दिवस आठवून बघितले, कुठं चुकले, कुठं चुकले. आई म्हणायली, नोकरी जाणार काय गं? तुम्ही टीचर आहात ना?"

"हो."

"मग असं करतात का?"

मी म्हणालो, "नाही करत. मी केले." आणि हात जोडले. ती घाईने म्हणाली, "हात नका जोडू, ओ, कसंतरी वाटतंय. चला, स्कॅनला उशीर व्हायलाय."

*

त्या दिवशी तिने मला नव्याने शिकवले. पाठीखाली एक पातळ कागद ठेवला आणि त्याचे टोक स्वतःच्या चिमटीत धरले. "हा कागद सुटला तर मला कळणार. आता पट्टी-बिट्टी विसरा. जेवढं येतंय तेवढंच घ्या." चष्मा चढवलाच नाही. मी छतावरचे पांढरे चौकोन पाहत श्वास घेतला. फारच थोडा आला. पालखी पहिल्या पायरीवर टेकावी एवढा. कागद मात्र जागचा हलला नाही.

"एवढाच?" मी विचारले.

"एवढाच खरा आहे. धरा."

स्कॅननंतर डॉक्टरांनी मला आणि बरोबर आलेल्या सुमनला आत बोलावून पडद्यावर दोन चित्रे दाखवली. एक साध्या श्वासाचे. एक या थोड्याशा श्वासाचे. करड्या रंगाच्या त्या छायांमध्ये माझे हृदय होते, मी कल्पिले होते त्याहून लहान आणि किंचित कलंडलेले. पहिल्या चित्रात ते भिंतीला खेटून होते. दुसऱ्यात त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये काळोखाची एक पट्टी होती, अर्ध्या बोटाएवढी. तो काळोख म्हणजे माझे फुफ्फुस, हवेने भरलेले. मी त्या पट्टीकडे किती वेळ पाहत होतो ते कळले नाही. सारे आयुष्य मी ज्याचा आवाज काढला ती हवा मी प्रथमच पाहत होतो. ती नुसती मध्ये उभी होती, काही न करता.

"पुरते का एवढी?" सुमनने विचारले.

"पुरते," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या स्कॅनला ओढून-ताणून घेतलेल्या श्वासापेक्षा कमी आहे, पण रोज मिळेल अशी आहे. मला रोजची हवीय."

त्यांनी नंतर त्या चार दिवसांचे मोजमापही सांगितले. धोका वाढला आहे, फार नाही, पण वाढला आहे. दर वर्षी हृदयाची तपासणी करावी लागेल. आतापर्यंतच्या तपासण्या ठीक आल्या आहेत. पुढचे मला ठाऊक नाही. ज्यांना हे वाचून उपचाराला सामोरे जायचे आहे त्यांना एवढेच सांगतो: काचेपलीकडच्या माणसाला तुमचा अभिमान दिसत नाही, तुमची रेघ दिसते. जमत नसेल तर ते तोंडाने सांगा. तेथे दुसरे कोणतेही सामर्थ्य लागत नाही.

नव्या योजनेचा पहिला दिवस दोन दिवसांनी आला. अंबिकाने मला निजवले, डबी ठेवली, चष्मा चढवला. ती माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. हिरवी पट्टी आता खाली आली होती, माझ्या आवाक्यात. पहिले दोन श्वास नीट झाले. तिसऱ्याला रेघ पट्टीच्या काठाशी येऊन थांबली, आणि मला जाणवले की कणा आपणहून उचलू पाहतो आहे. त्याला चाळीस वर्षांची घाई होती. मी पाठ फळीवर दाबली. रेघ घसरली. यंत्राची घरघर थांबली.

"काय झालं, काका?"

"जमले नाही," मी म्हणालो.

भोंग्यातून तिचा आवाज आला, पूर्वीसारखा. "चालतंय. सोडा. परत घेऊ की."

परत घेतला. पुन्हा जमला नाही, आणि मी पुन्हा तसे सांगितले. पाच श्वासांचे काम त्या दिवशी अकरा श्वासांत झाले. बाहेर आलो तेव्हा सुमन पिशवी घेऊन उभीच होती. नरसम्मांची पाळी त्या दिवशी माझ्या नंतर होती, आणि वाट पाहून त्या कंटाळल्या होत्या.

"लई येळ लावलाव की, मास्तर!"

"हो, बाई," मी म्हणालो. "मला वेळ लागतो."